डाळीच्या हातानं घेतलेला कागद

छापखान्यात नवा कागद आला की मी तीन गोष्टी करते. एक ताव उभा आणि आडवा फाडून पाहते. एक तुकडा जाळून त्याची राख बोटांत चोळते. आणि आणखी एका तुकड्यावर लिंबाचा थेंब पिळते. याला फार वेळ लागत नाही, पण पाहणाऱ्याला हसू येतं. मागच्या महिन्यात माल पोचवायला आलेला टेम्पोवाला म्हणाला, "काकू, कागदाला दृष्ट लागली काय? उतरवायलाव का?"

"लागायच्या आधीच बघून घ्यायलेय," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही. हातात लिंबू आलं की मला अजून राग येतो, आणि तो राग वीसेक वर्षं जुना आहे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. नवा म्हणजे पाट्या नव्या होत्या, कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या आणि साहेबांच्या टेबलाखाली अजून घरमालकाची ज्वारीची पोती असायची. पण कचेरी म्हटली की छापील कागद लागतो, हे माझ्या थोरल्या दिरांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. आमचं घर डाळीचं. तुरीची डाळ करायची, पॉलिश करायची, हैदराबादपर्यंत पाठवायची. भाऊजींनी डाळीच्या गोदामाशेजारची जागा रिकामी केली, हैदराबादहून जुनं ऑफसेट यंत्र आणलं आणि माझ्या नवऱ्याला त्याच्यासमोर उभं केलं. "तुझ्या सासऱ्याचा छापखाना आहे ना? मग तुला येतंच असणार," म्हणाले.

छापखाना होता तो माझ्या वडिलांचा, नांदेडला. त्यामुळे येत होतं ते मला. बाबांच्या हाताखाली मी शाळेतून आल्यावर अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, शाई घोटली, कागद मोजला. लग्नानंतर बाबांनी त्यांची जुनी पायानं मारायची ट्रेडल आम्हाला दिली, तीही याच छापखान्यात एका कोपऱ्यात उभी होती. लग्नपत्रिका तिच्यावर निघत. मजकुराचे खिळे मी जुळवायची, प्रूफ मी वाचायची, कामांचा क्रम मी लावायची. खरेदी मात्र भाऊजींची. खरेदी म्हणजे व्यापार, आणि व्यापार त्यांच्याकडे.

एवढं असतं तरी चाललं असतं. पण आमच्या घरात आणखी एक रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलायचं नाही. पदर डोक्यावर, नजर खाली, आणि काही सांगायचं असेल तर मध्ये तिसरं माणूस. एका खोलीत तिघं उभे असलो तरी बोलणं नवऱ्यामार्फत जायचं.

"तिला विचार, कचेरीचे फॉर्म कधी होतील."

"त्यांना सांगा, बुधवारी."

"बुधवारी म्हणतीय, दादा."

"ऐकलं मी," भाऊजी म्हणायचे.

त्यांना ऐकू येत होतं, मलाही येत होतं, तरी ते वाक्य नवऱ्याच्या तोंडातून गेल्याशिवाय पोचलं असं धरलं जायचं नाही. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. मग लक्षात आलं की साध्या गोष्टी जशाच्या तशा पोचतात आणि कडू गोष्टी वाटेत मऊ होतात. माझा नवरा स्वभावानं गरीब. थोरल्या भावाला वाईट वाटेल असं वाक्य त्याच्या तोंडून निघायचंच नाही. मी दगड टाकावा आणि पलीकडे कापूस पडावा, असं चाललं होतं.

पाट्यांचा रंग वाळतो न वाळतो तोच पाऊस गेला. एक वर्ष गेला, आणि दुसऱ्या वर्षी आला तो नुसता तोंड दाखवायला. नळ कोरडे, टँकरमागे घागरींची रांग. गोदामाच्या मागे आमचं बोअर होतं, पण त्याचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नसे. तालुक्यातालुक्यांत जनावरांच्या छावण्या पडल्या. लग्नं पुढे ढकलली गेली. पत्रिकांसाठी आणून ठेवलेला पिवळा कागद फळीवर तसाच पडून राहिला.

अशा दिवसांत देवणीहून एक गृहस्थ आले. जनावरांच्या दवाखान्यात जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, मीही तेच म्हणते. हातात शाळेच्या वहीची काही पानं. छावणीत जनावर कसं जगवायचं, हे त्यांनी सोप्या भाषेत लिहून काढलं होतं. वाळलेल्या कडब्यावर युरियाचं पाणी शिंपडून तो झाकून ठेवला की मऊ होतो आणि जनावराला अंगी लागतो, ही त्यातली मुख्य गोष्ट. युरियाची पोती छावण्यांवर येऊन पडलीसुद्धा होती. माहिती मात्र कुणाला नव्हती.

"युरिया म्हणजे काय मीठ हाय का चवीपुरतं टाकायला?" डॉक्टर म्हणाले. "जास्ती पडला तर इख हाय ते. आन् झाकलेला कडबा उघडल्या उघडल्या टाकायचा न्हाई. उघडायचा, पसरायचा, वारा लागू द्यायचा, वास गेला की मगच टाकायचा. माझ्या थोरल्या भावानं कुणाचं तरी ऐकून तसाच टाकला. गाभण गाय होती. माझ्यासमोर गेली. मी जनावरांचा डॉक्टर, आन् माझ्याच दावणीला."

त्यांनी वहीची पानं पुढे केली. मी पानं हातात घेतली. अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. छपाईचा खर्च छावण्या चालवणारी पुढारी मंडळी करणार होती, वाटपाचा दिवस ठरलेला होता. डॉक्टरांची अट एकच. पुस्तिका बंडीच्या खिशात मावली पाहिजे. "जाड केलं तर घरी फळीवर पडून ऱ्हाईल. जनावर छावणीत आन् पुस्तक घरी."

खिशात मावायचं म्हणजे कागद हलका हवा. आमच्याकडे होता तो हलका कागद मी यंत्रावर लावायला सांगितला आणि चार तावांचा नमुना काढला. डॉक्टरांनी चष्मा वर-खाली केला. "बाई, हे कोणतं पान वाचू? पुढचं का मागचं?"

बरोबर होतं त्यांचं. मागची शाई पुढे दिसत होती, ओळीत ओळ घुसत होती.

इथे कागदाची गोष्ट सांगावी लागेल, कारण माझं भांडण तिच्यावरून झालं. कागद म्हणजे नुसता लाकडाचा किंवा उसाच्या चिपाडाचा लगदा नसतो. लगद्याच्या तंतूंमध्ये भोकं राहतात, आणि कागद पातळ केला की त्यांतून उजेड आरपार जातो. म्हणून कारखान्यात लगद्यात भुकटी घालतात. चिनी माती, शंखजिरं, खडू, ज्याला जे परवडेल ते. भुकटी भोकं बुजवते, कागद पांढरा दिसतो, पाठ गुळगुळीत होते, शाई पसरत नाही, मागचं पुढे दिसत नाही. पातळ कागदाला भुकटी हवीच. पण भुकटीला भुकटी चिकटत नाही, तंतूला तंतू चिकटतो. जितकी भुकटी जास्त तितकी कागदाची पकड कमी. आणि भुकटी लगद्यापेक्षा स्वस्त असते, कागद विकला जातो वजनावर. पुढचं कळायला शाळा लागत नाही. बाबा म्हणायचे, "कागदातली माती स्वयंपाकातल्या मिठासारखी. कळली की समजायचं जास्त झाली."

तर मी निरोप दिला. माझे शब्द असे होते: "त्यांना सांगा, हैदराबादचा कागद नको. नांदेडला बाबांचा जुना व्यापारी आहे, त्याच्याकडे शंखजिऱ्याचा हलका कागद मिळतो. तोच आणा."

नवऱ्यानं भावाला सांगितलं, "दादा, नांदेडला सुद्धा एक व्यापारी आहे म्हणतीय."

त्यातलं 'सुद्धा' माझं नव्हतं. मी तिथेच उभी होते. भाऊजी "बरं बरं" म्हणाले आणि डाळीच्या वसुलीला हैदराबादला जायचंच होतं म्हणून तिथूनच कागद घेऊन आले.

त्यांनी तो कागद कसा घेतला असेल ते मला न पाहताही दिसत होतं, कारण उतरवून घेतल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला तसंच करून दाखवलं. ताव तळहातावर घेतला, अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून चमक पाहिली. डाळीचा नमुना असाच बघतात. मूठभर डाळ तळहातावर, अंगठ्यानं सारायची, गुळगुळीत लागली आणि चमकली की माल चांगला. डाळीला ती चमक कशानं येते, हे आमच्या गोदामात कुणाला सांगायची गरज नव्हती. तेलाच्या हातानं आणि पांढऱ्या भुकटीनं येते. जन्मभर डाळीला पावडर लावून विकणारा माणूस पावडरच्या चमकेलाच भुलला, याचं मला तेव्हाही नवल वाटलं आणि आजही वाटतं.

"बघ, कसा लोण्यासारखा हाय," भाऊजी म्हणाले.

मी एक ताव घेऊन वर स्वयंपाकघरात गेले. फाडला, तो कसलीच कुरकुर न करता फाटला, जुनं धोतर फाटतं तसा. जाळला, तर राख इतकी उरली की कागदाचा आकार जसाच्या तसा. बोटांत चोळली, पांढरी फक्क. मग लिंबू कापलं आणि एक थेंब टाकला. थेंबाच्या कडेला बारीक फेस आला. लिंबानं फेसाळतो तो खडू. शंखजिरं आणि चिनी माती गप्प राहतात.

खडू कागदात वाईट असं नाही. पण आमचं यंत्र पाण्यावर चालणारं. ऑफसेटच्या प्लेटवर जिथे अक्षर नाही तिथे पाणी बसतं, म्हणून तिथे शाई लागत नाही. त्या पाण्यात थोडं आम्ल घातलेलं असतं. खडूची धूळ त्या पाण्यात पडली की आम्ल मरतं, पाणी आपलं काम सोडतं आणि पांढऱ्या जागेवरही शाईची धुरकट छटा चढायला लागते. वर आमचं बोअरचं पाणी आधीच जड. मी राख बशीत घेतली, लिंबाचा तुकडा घेतला आणि खाली आले.

"त्यांना सांगा, हा कागद यंत्रावर चढवायचा नाही. परत पाठवायचा."

"दादा, जरा बघून घ्या म्हणतीय."

"काय बघून घ्यायचं?"

"बशीत राख आहे. कागदापेक्षा माती जास्त आहे, हे त्यांना दाखवा."

"भुकटी थोडी जास्त वाटायलीय तिला."

भाऊजी हसले. "तिला म्हणावं, डाळीला पावडर लावली म्हणून डाळीची माती होती काय? घरोघर खात्यात की. आन् लिंबू कशाला आणलंय? सरबत करायलीय का?"

माझा नवराही हसला. मी ते हसणं विसरलेली नाही. परत पाठवायला वेळ नव्हता, हे नंतर सगळ्यांनी मला समजावलं. नांदेडची गाडी सकाळी निघते आणि संध्याकाळी परत येते. वेळ होता. ऐकणारं कुणी नव्हतं.

कागद चढला. खिळे मी आधीच जुळवले होते, त्यांच्या स्वच्छ प्रुफांवरून प्लेटा हैदराबादहून तयार होऊन आल्या होत्या. पहिले काही ताव सुरेख निघाले. भाऊजी ते उचलून सगळ्या बाजारात फिरवून आले. मग यंत्राच्या रबरी ब्लँकेटवर, म्हणजे कागदावर अक्षर उमटवणाऱ्या चादरीवर, पांढरा थर बसायला लागला. हात फिरवला तर पीठ. जिथे भुकटीचा कण बसेल तिथे अक्षराला भोक. आधी वेलांटीची टोकं गेली, मग काने, मग अक्षरांची पोटं. पुसलं की थोडे ताव बरे, परत तेच. पुसायला रॉकेल लागतं आणि मागून पाणी. खारट पाण्यानं थर आणखी घट्ट होतो. मग गोडं पाणी. गोडं पाणी म्हणजे टँकरच्या रांगेत उभं राहून मी आणलेलं. माझ्या स्वयंपाकघरातली घागर उचलून खाली नेली गेली, का तर भाऊजींच्या कागदाचं पीठ धुवायचं होतं. त्या दिवशी मी भात टाकला नाही. भाकरी आणि चटणी पुढे केली. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यात आणखी एक गोष्ट. कागद जाळीवर तयार होतो. लगद्यातलं पाणी जाळीतून खाली गळतं आणि जाताना भुकटी घेऊन जातं. म्हणून कागदाची जाळीकडची बाजू जरा खरबरीत, पण घट्ट असते, आणि वरच्या बाजूला भुकटी साचते. चांगल्या कागदात हा फरक डोळ्यांना कळत नाही. या कागदात तो आंधळ्यालाही कळला असता. तावाची एक बाजू ठीक छापून निघाली, दुसरी खाल्ल्यासारखी. घडी घातल्यावर पुस्तिकेत चांगली आणि वाईट पानं आलटून पालटून आली. पुढाऱ्यांचा शुभसंदेश चांगल्या बाजूला आला. युरियाचं पान वाईट बाजूला.

भाऊजी कुणाला पुस्तिका दाखवायची झाली तर बरोबर शुभसंदेशाचं पान उघडायचे.

वाटपाच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर आले. गठ्ठे बांधून दाराशी ठेवलेले होते. जीप सकाळी येणार होती. भाऊजींनी त्यांना खुर्ची दिली आणि शुभसंदेश उघडून एक प्रत हातात दिली. डॉक्टरांनी पान उलटलं. मग आणखी एक. मग ते पान डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"युरिया किती, ते दिसंना झालंय."

"थोडी शाई कमी आलीय," माझा नवरा म्हणाला.

"आन् हे खालचं? 'कडबा उघडून' एवढंच दिसतंय. पुढं काय? पसरा, वारा द्या, वास गेल्यावर... कुठं गेलं सगळं?" त्यांनी दुसरा गठ्ठा सोडला, दुसरी प्रत काढली. त्यात आकडा होता तर ओळ नव्हती. तिसरीत ओळीची पहिली अक्षरं होती आणि आकड्याच्या जागी पांढरा डाग.

भाऊजी म्हणाले, "डॉक्टर, शेतकरी लई हुशार असतो. अर्धं दिसलं तरी अंदाज बांधतो बराबर."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. "अंदाजानंच मेली की ती."

माझा नवरा गठ्ठ्याची सुतळी परत बांधायला वाकला. त्याला मी खूप वेळा माफ केलंय, पण त्या सुतळीसाठी नाही. मी पुढे झाले. पदर डोक्यावर होता का, ते मला आठवत नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "हे गठ्ठे दाराबाहेर जाणार नाहीत."

ते माझ्याकडे बघेनात. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. वाक्य अजून पोचलं नव्हतं ना. आणि माझ्या नवऱ्यानं, सवयीनं, तोंड उघडलं. "दादा, ती म्हणतीय..."

"ऐकलं मी!"

"ऐकलं असेल तर पुढचंही ऐका," मी म्हटलं. "तुम्ही कागद डाळीसारखा घेतला. चमक बघून. मी राख दाखवली तर तुम्ही सरबत म्हणालात. हे वाचून उद्या कुणी युरिया जास्त टाकला, कुणी झाकण काढून तसाच कडबा जनावरापुढं टाकला, तर पुस्तिकेवर आपल्या छापखान्याचं नाव आहे. माझ्या बाबांची ट्रेडल ज्या छपराखाली उभी आहे, त्याचं नाव आहे. मला ते चालणार नाही."

भाऊजींचे कान लाल झाले होते. तरी ते नवऱ्याशीच बोलले. "तिला म्हणावं, सकाळी जीप येणार, फोटोवाला येणार, तालुक्यातून माणसं येणार. आता कागद काय आभाळातून पडणार हाय?"

"आभाळातून पाणी पडंना," डॉक्टर म्हणाले, "कागद कुठला पडतोय."

मला मात्र तोपर्यंत फळी दिसली होती. पत्रिकांचा पिवळा कागद. जाड, घट्ट, नांदेडहून आलेला, बाबांच्याच व्यापाऱ्याचा. यंदा लग्नं नव्हती, कागद होता. आणि खिळे होते. काम दारातून बाहेर गेल्याशिवाय जुळलेला मजकूर मोडायचा नाही, हा बाबांचा नियम मी सासरीही पाळायची. युरियाच्या पानाची जुळणी दोऱ्यानं बांधून मांडणीवर तशीच ठेवलेली होती. ट्रेडलला पाणी लागत नाही. खिळ्याला शाई, खिळ्यावर कागद, दाब. त्याला खारं-गोडं काही नाही.

मी पुढची कामं वाटून दिली. डॉक्टरांनी पान पुन्हा एकदा वाचायचं. नवऱ्यानं पिवळा कागद पुस्तिकेच्या मापात कापायचा. मी साच्यात मजकूर घट्ट बसवून शाई लावायची. भाऊजींना मी काही सांगितलं नाही. ते खुर्चीत बसून राहिले.

दुपारभर ट्रेडल चालली. पाय नवऱ्याचा, कागद मी लावायची. एकाच बाजूला छापलं, मागची बाजू कोरी ठेवली. पिवळ्यावर काळी अक्षरं अशी उठून आली की डॉक्टरांनी चष्मा काढून वाचून बघितलं. वाचता आलं. मग ती पानं एकेका पुस्तिकेत घालायची होती. डॉक्टर आणि मी घालायला लागलो. थोड्या वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊजी खाली येऊन बसले आणि तेही घालायला लागले. दिवेलागणीच्या सुमाराला काम उरकलं तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात पांढरे झाले होते. त्यांनी ते धोतराला पुसले. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मला त्याचा आनंद झाला नाही. इतकं सोपं काम इतका उशिरा का करावं लागलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी वाटप झालं. मंडपात बायकांच्या बाजूला मी बसले होते. छापखान्याच्या वतीनं भाऊजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "शेतकऱ्याला मुख्य गोष्ट चटकन सापडली पाहिजे. म्हणून आम्ही विचार केला, तेवढं पान पिवळं करावं, वेगळं करावं." टाळ्या झाल्या. पुढारी म्हणाले, व्वा, ही खरी कल्पकता. शेजारची बाई मला म्हणाली, "तुमचे भाऊजी लई डोकेबाज हायेत बघा."

"हाव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण त्या दिवशीचा राग अजून पूर्ण विझलेला नाही. कल्पकता! स्वतःच्या चुकीवर पिवळं ठिगळ लावायचं आणि ठिगळ लावणाऱ्या हातालाही बाजूला सारून टाळ्या घ्यायच्या. माझा नवरा पुढच्या रांगेत होता. तो सतरंजीकडे बघत होता.

पुढे काही दिवसांनी डॉक्टरांनी आम्हा दोघांना देवणीकडच्या एका छावणीवर नेलं. तिथे दावणीच्या खांबाखांबांवर पिवळी पानं खळीनं चिकटवलेली होती. एक म्हातारा कडबा उघडून पसरत होता, नाक लावून वास घेत होता, परत पसरत होता. वारा बरा होता. बाकीच्या पुस्तिकेचं काय झालं, मी विचारलं. तो म्हणाला, "पानं सुटली बाई सगळी. बिडी पेटवायला घ्यावं म्हणलं तर तेबी न्हाई. जळतंय कमी, राखच लई पडती."

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "हे त्यांना सांगा," मी म्हटलं. "जसंच्या तसं."

त्यानं सांगितलं की नाही मला माहीत नाही. पण त्याच आठवड्यात भाऊजी छापखान्यात आले. कचेरीचं नवं काम आलं होतं, कागद लागणार होता. ते दारात उभे राहून नवऱ्याला म्हणाले, "तिला विचार, कागद कुठून..."

"नांदेडहून," मी मध्येच म्हटलं. "मी जाते. सकाळच्या गाडीनं."

नवऱ्यानं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं. भाऊजी खांबाकडे बघत उभे राहिले. मग ते म्हणाले, "परत कधी?"

कुणाला विचारलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिथे नवरा होता, मी होते आणि खांब होता. उत्तर मी दिलं.

"संध्याकाळच्या गाडीनं," मी म्हटलं. "आणि जाताना लिंबू घेऊन जाणार आहे."

त्यानंतर आमच्याकडे कागद मीच आणते. पिवळ्या पानाची गोष्ट भाऊजी अजून सांगतात, आणि त्यात अजून मी नसते. ती सांगायला लागले की मी उठून आत जाते. पण कागदाचा गठ्ठा दारात उतरला की ते बाहेर थांबतात, माझं फाडून, जाळून, पिळून होईपर्यंत. आणि मग मलाच विचारतात, घ्यायचा का म्हणून.